पेटीसमोरचा डबा

मित्रांनो, गाडीत बसताना तुम्ही तिचा रंग पाहता, चाकं पाहता, आरशात स्वतःचा भांग पाहता. मला मात्र कुणी पाहत नाही. डाव्या सीटसमोर कागदपत्रं ठेवायचा खण असतो ना, त्याच्यामागे मी बसलेला असतो. मी एका जुन्या राखाडी गाडीच्या इंजिनाचा संगणक आहे. दिसायला म्हणाल तर चपटा, जेवणाच्या डब्याएवढा ॲल्युमिनियमचा डबा.

माझा जन्म झाला तो कारखाना थंडगार आणि अबोल होता. तिथे माझ्या पोटात एक मोठा तक्ता भरला गेला. इंजिन किती जोरात फिरतंय आणि त्याच्यावर किती भार आहे, हे पाहायचं, तक्त्यातलं नेमकं घर शोधायचं आणि तिथे सांगितलंय तेवढं पेट्रोल सोडायचं, सांगितलंय त्या क्षणी ठिणगी पाडायची. कीर्तनात पेटीवाला बुवांच्या तोंडाकडे बघत सूर धरतो ना, अगदी तसंच. गाणारं इंजिन, साथ माझी. साथ चांगली जमली की ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुलुंडच्या भाऊरावांच्या दारात गाडी आली आणि माझं भाग्य उघडलं. भाऊराव पेटी वाजवतात. त्यांची लेक उत्तरा कीर्तन करते, पुतण्या बाळा तबल्याला असतो. बोरिवलीचं राममंदिर असो की ठाण्याचा गणेशोत्सव, तिघं माझ्याच गाडीतून जातात. तबला डिकीत, पण पेटी कायम भाऊरावांच्या मांडीवर. सूर पायाशी ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. गाडी चालवते उत्तरा, तीही अशी की पेटीला धक्का लागू नये: गिअर लवकर बदलायचा, इंजिनाला ओरडू द्यायचं नाही. जाता जाता आख्यानाची उजळणी चालते. खांबातून नरसिंह प्रकटला तेव्हा मी पवईच्या सिग्नलला उभा होतो, आणि सिग्नल सुटू नये असं मला वाटत होतं.

वर्षं गेली. इंजिन थकलं, भाऊरावांचे गुडघेही थकले. घाटकोपरला एका टेकडीवर दत्ताचं लहानसं मंदिर आहे. दत्तजयंतीचं कीर्तन तिथे भाऊरावांच्या घराण्याकडेच. गेल्या वर्षी त्या चढावर, अर्ध्या वाटेतच, गाडीचा दम संपला. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, तरी काही उपयोग झाला नाही. शेवटी देवळातली चार माणसं खुर्ची घेऊन खाली आली आणि भाऊरावांना पेटीसकट उचलून वर घेऊन गेली. बघणाऱ्यांतलं कुणी तरी हसत म्हणालं, "यंदा दोन पालख्या निघाल्या वाटतं."

त्या दिवशी भाऊरावांची बोटं नीट चालली नाहीत. परतताना गाडीत ते एवढंच बोलले, "उत्तरा, पुढच्या वर्षी मी येत नाही. देवापुढे लोकांच्या खांद्यावरून जायला मी कोण लागून गेलो?"

"मग मीही नाही," उत्तरा म्हणाली. "तुमच्या सुराशिवाय मला नमनसुद्धा सुचत नाही, बाबा."

मागे बाळा मान खाली घालून बसला होता. काकांवर त्याचा फार जीव. वर्षभर तो पगारातून पैसे साठवत राहिला आणि दत्तजयंती जवळ आली तशी त्याने गाडीला मोकळा एअर फिल्टर आणि धूर बाहेर टाकणारा जाड पाईप बसवून आणला. थोडक्यात, गाडीचं नाक मोकळं केलं आणि घसा रुंद केला. मला मात्र काहीच सांगितलं नाही. मी बापडा माझ्या जुन्या तक्त्यावरूनच साथ करत होतो. बुवांनी पट्टी बदलली आणि पेटीवाल्याला कळलंच नाही, तर काय होईल? तेच झालं. गाडी उचक्या द्यायला लागली. प्रत्येक उचकीसरशी मांडीवरची पेटी भाऊरावांच्या पोटात बसायची.

"बाळ्या, गाडीला तू शक्ती दिलीस की ढेकर?" उत्तराने विचारलं.

मग बाळाने अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत डॅरिलचं गॅरेज शोधून काढलं. मरोळच्या जुन्या गावठाणातला हा माणूस, हाताला ग्रीस आणि गळ्यात क्रूस. त्याने लॅपटॉपची वायर माझ्याशी जोडली.

"एकदम झकास पिकअप पाहिजे," बाळा म्हणाला.

"देतो. पण विमान नाही होणार, आधीच सांगतो. फिल्टर न पाईपने या इंजिनाला मिळून मिळून किती मिळणार? बाहेर बदल केला ना, आता आतल्याला सांगायला लागेल, एवढंच."

मित्रांनो, इतक्या दिवसांनी कुणी तरी माझं नाव काढलं. रस्त्यावर बाळा चालवत होता, शेजारी डॅरिल आकडे बदलत होता. गाडी मोकळी धावली, उचक्या थांबल्या. बाळा शीळ घालतच मुलुंडला परतला.

रविवारी सगळे टेकडीवर रंगीत तालमीला निघाले. उत्तरा चालवत होती, मांडीवर पेटी, डिकीत तबला. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर इंजिनात टकटक सुरू झाली, एक हिसका बसला आणि गाडी गेल्या वर्षीच्याच जागी थांबली.

उत्तराने हँडब्रेक ओढला. मग भाऊराव म्हणाले, "राहू दे बाळा. तू तुझ्या परीने केलंस. उत्तरा, तू मोबाइलवरची पेटी लाव."

"मोबाइलला मी काय 'बाबा' म्हणू?"

भाऊरावांनी मांडीवरची पेटी सरळ केली. मग सहज त्यांनी विचारलं, "का रे बाळा, त्याने हे सगळं लावलं तेव्हा गाडीत कोण कोण होतं?"

"मी आणि डॅरिल."

"चालवत कोण होतं?"

"मीच की."

"तू तर इंजिन ओरडवत चालवतोस. म्हणजे रिकाम्या देवळात तालीम केलीत तुम्ही. रिकामं देऊळ घुमतं रे, तिथे सगळेच चांगले गातात. माणसं दाटीने बसली की आवाज पिऊन टाकतात. तिथे लावला तोच सूर खरा."

दुसऱ्या दिवशी सगळे डॅरिलपुढे उभे. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अंकल, चुकलं माझं. बाळा गिअर ओढत चालवतो, म्हणून तक्त्याची वरची घरंच मी लावली. कमी वेग, जास्त वजन, त्या घरांत आम्ही गेलोच नाही. चर्चमध्ये मी क्वायरमध्ये गातो ना, मला तरी कळायला पाहिजे होतं."

त्याने जाड पाईप काढून आधीचाच बसवला. तुम्हाला खालचा, म्हणजे हळू चढतानाचा दम पाहिजे, म्हणाला, तो या पाईपात आहे. फिल्टर राहिला. मग भाऊरावांच्या समोरच्या खणामागे मला वायर जोडून तो मागच्या सीटवर, बाळाच्या शेजारी, लॅपटॉप घेऊन बसला.

"अंकल, चार्जर खाली पायाशी ठेवला तर चालेल?" भाऊरावांच्या मांडीवरची पेटी बघून त्याने विचारलं.

"ठेवा की, त्याला कुठे सूर आहे?"

टेकडीच्या पायथ्याशी डॅरिल म्हणाला, "ताई, रोजच्यासारखं चालवा."

"रोज मी गाते."

"मग गा. मला रोजचंच पाहिजे."

उत्तराने नमन सुरू केलं. भाऊरावांनी मांडीवरच भाता उघडला. तिचा पाय लयीत स्थिर दाबला जाऊ लागला आणि मी पुन्हा त्या घरांत शिरलो, जिथे माझी सारी हयात गेली होती आणि जिथे या नव्या बदलानंतर मला नीट कुणी वसवलंच नव्हतं. डॅरिल कान देऊन ऐकत होता. टकटक आली की गाडी थांबवायची, ठिणगी केसभर उशिरा, पेट्रोल थेंबभर जास्त, की पुन्हा खालून सुरुवात. पेडल पूर्ण दाबलं की एसीने आपणहून थांबायचं, हेही त्याने मला शिकवलं. तोवर डॅरिललाही नमन पाठ झालं होतं. शेवटी धुराची तपासणी झाली, गाडी पास झाली.

दत्तजयंतीला चढावर झेंडूच्या माळा होत्या. दुसऱ्या वळणावर तीच चार माणसं खुर्ची घेऊन तयार उभी होती. भाऊरावांनी ती पाहिली आणि पेटी घट्ट धरली. उत्तराची लय हलली नाही. मी हवा मोजली, थेंब मोजला, ठिणगी पाडली. वळण आलं, खुर्ची खिडकीला लागूनच दिसली, आणि मागे पडली.

"अहो, ती खुर्ची वर घेऊन या," भाऊराव खिडकीतून ओरडले. "प्रसाद वाटणाऱ्याला बसायला होईल."

कीर्तन मी गाडीतूनच ऐकलं. उत्तररंगात, आख्यानाच्या भरात, उत्तराचा आवाज वर चढला तेव्हा पेटी त्याच्याबरोबर चढली, कुठेही न थांबता. तिथून पुढचं मला सांगता येणार नाही; त्याला माझ्या तक्त्यात घरच नाही.

आरतीनंतर भाऊराव गाडीत येऊन बसले. बोटाला अंगारा होता. त्यांनी समोरच्या खणाच्या झाकणावर, अगदी माझ्यासमोर, एक ठिपका लावला आणि म्हणाले, "आतले बुवा, साथ छान झाली."

मित्रांनो, गाडी असो, घर असो की माणूस, बाहेरून नवं काही चढवलंत तर आत बसलेल्यालाही एकदा विचारा. आणि त्याला जोखायचंच असेल तर भरल्या देवळात जोखा. माझं एरवी काही मागणं नाही, मी सुखात आहे. फक्त कधी ही राखाडी गाडी पुसायला तुमच्या हातात फडकं आलं, तर खणाच्या झाकणावरचा तो ठिपका तेवढा राहू द्या.