ज्याच्या कमरेला मी, तो साक्सन

एल्बे नदीकाठी एक होता विग्बर्ट, एक त्याची बायको गेवा, एक त्यांची लेक इम्मा. आणि विग्बर्टच्या पोटावर आडवा बांधलेला मी. मी सुरा बोलतोय. तिकडच्या बोलीत मला साक्स म्हणतात, आणि मला बाळगणारे ते साक्सन. थोरले असंच सांगत आलेत. मी कमरेला असलो की माणूस मोकळा, नसलो की कुणाचा तरी गुलाम.

दलदलीतल्या लोखंडाचा माझा जन्म. विग्बर्टने माझ्याने डुकरं सोलली, चीज कापलं, आणि वेळ आली तेव्हा माणसंही. मग आमच्या मुलखावर चालून आलेल्या फ्रँकांचा भाला त्याच्या बरगडीत शिरला. गेवाने रीतीप्रमाणे मला त्याच्या मुठीत दिलं अन् वर माती ओढली. सुऱ्याविना गेलेल्याला पलीकडे पूर्वज पंगतीला घेत नाहीत, नोकर करून ठेवतात, असं ही माणसं मानतात.

खाली ओल होती. मला गंज चढू लागला.

वर मुलूख जिंकलेल्या फ्रँकांच्या कारभाऱ्याने आमचीच रीत आमच्यावर उलटवली. ज्या घरचा साक्स पंचांपुढे येणार नाही, ते घर त्याच्याकडे राबणार. बाकीच्यांचे सुरे कमरेला होते. गेवाच्या घरचा मातीत. कारभारी इम्माला न्याहाळून गेला.

गेवाने कुदळ उचलली, तशी सासू ओड्राडा आडवी आली. "माझ्या लेकाला तिकडे नोकर करतेस?"

"आत्याबाई, तुमचा लेक मेलाय. माझी जिवंत आहे."

भर दुपारी तिने उकरलं. धन्याची बोटं माझ्याभोवती आवळलेली. एकेक उलगडत ती म्हणाली, "सोडा आता," जेवायला उठवावं तशी. शेजारणींनी मढं लुटणारी म्हणून तिच्याशी बोलणं टाकलं.

पंचांपुढे कारभारी मला पाहून हसला. हा सुरा की खिळा, म्हणाला. म्हातारा पंच हाथगर मात्र हसला नाही. त्याने मला दोन्ही हातांवर घेतलं.

"गंजला तरी साक्सच. आमचं नाव याच्यावरून आहे. पोर आमची."

धन्याला पलीकडे कुणी जेवू घातलं की नाही, मला ठाऊक नाही. ओड्राडा मरेपर्यंत गेवाशी बोलली नाही.

आता मूठ नवी, पातं झिजलेलं, अन् मी इम्माच्या कमरेला. बायांनो, मला पुन्हा पुरू नका. मी कमरेला आहे म्हणून आपल्या रानातले जव आपल्याच घरात येतात. इम्माला दोन लेकी झाल्या. परवा वाटेवर कुणी शिपायाने त्यांना विचारलं, तुमचा मालक कोण गं? थोरली म्हणाली, "आम्हाला नसतो."