दिवा लागलेला, पण यादीत नाव नाही

मी एक जुना वायफायचा डबा आहे. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, छताला पाठ टेकून सात वर्षं उलटा लटकतो आहे. मित्रांनो, एरवी मान वर करून माझ्याकडे कोणी बघत नाही. फोन अडकला की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते, तीही शिव्यांसकट.

कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता पिवळा पडलो आहे, अंगावर धूळ साचली आहे. पण माझं काम हलकं समजू नका. पेशंटच्या छातीला लावलेलं यंत्र ठोके मोजतं आणि मी ते सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर पोचवतो. खोल्या बारा आणि सिस्टर एकच, म्हणून तिची सगळी भिस्त माझ्यावर असते.

त्या दुपारी पडद्यावरचे ठोके एकदम गेले. मी इथेच आहे, असं जीव तोडून सांगत होतो, पण पलीकडून उत्तर येईना. शेवटच्या खोलीत एक मास्तर होते, आदल्याच दिवशी हृदयविकाराचा झटका आलेले. सिस्टर त्यांच्याजवळ थांबली की बाकीच्या अकरा खोल्यांकडे बघणारं कोणी उरत नव्हतं. मास्तरांची लेक यंत्रावरचे आकडे बघत बसली होती, पण तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

नेटवर्कच्या मॅडम धावत आल्या. माझा दिवा लागलेला होता, पण त्यांच्या लॅपटॉपवरच्या यादीत माझं नाव नव्हतं. डबाच म्हातारा झालाय, काढून टाका, असं जो तो सांगू लागला. पण मॅडमची रीत अशी, की आधी विचारायचं आणि मगच स्टुलावर चढायचं.

“कोणी केलं ते मला नकोच आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून काय काय हललं, तेवढं सांगा.”

सगळ्यांनी हात वर केले. साफसफाईच्या मावशी तेवढ्या खाली मान घालून फडकं पिळत होत्या, आणि फडकं कोरडंच होतं.

तेवढ्यात मास्तरांची लेक बाहेर धावत आली. बाबांना दरदरून घाम फुटला होता. सिस्टर आत पळाली, तिने डॉक्टरांना फोन लावला. ते खालच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटपाशी अडकले होते, आणि तिथल्या पडद्यावर ठोक्यांची रेघ बघितल्याशिवाय कुठलं इंजेक्शन द्यायचं ते त्यांना सांगता येईना.

“तारांचं कपाट पुसताना एक तार निघाली माझ्या हातून,” मावशी कशाबशा म्हणाल्या. “होती तिथेच लावली असं वाटलं हो मला.”

माझी वीज आणि माझे निरोप त्या एकाच तारेतून जातात, आणि ती शेजारच्या खाचेत गेली होती. तिथून मला वीज मिळत होती, पण निरोपांना पुढे जायला रस्ता नव्हता. मॅडमनी तार जागेवर बसवली. दोन मिनिटांनी माझं नाव यादीत आलं, रेघ डॉक्टरांच्या पडद्यावर उमटली, आणि सिस्टरने इंजेक्शन दिलं. मास्तर वाचले.

मॅडमनी वहीत लिहिलं, ‘तार चुकीच्या खाचेत’. मावशींचं नाव लिहिलं नाही. तरी मावशी कितीतरी वेळ जिन्यात बसून रडत होत्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसा, माझ्या तारा जपा. आणि हातून काही हललं तर लगेच सांगा, सांगणाऱ्यावर डाफरू नका. मावशी नोकरीच्या भीतीने अर्धा तास गप्प राहिल्या. मास्तरांकडे आणखी अर्धा तास नव्हता.