तुटलेली धार

मृताची सेवा ही एकच सेवा अशी आहे, की जिच्यात सेवा घेणारा आभार मानीत नाही आणि उणीव राहिली तरी तक्रार करीत नाही. म्हणून ती करणाऱ्याला स्वतःच्या मनावाचून दुसरा साक्षीदार नसतो.

त्या गावच्या यहुदी मंडळींचे वृद्ध धर्मगुरू, म्हणजे रब्बी, अडतीस वर्षे ही सेवा करीत आले होते. सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनामंदिरात, शेवटचे लग्न लागून अकरा वर्षे झाली होती. मुलांचा वर्ग कधीच बंद पडला होता. आता रब्बींकडे काम येई ते मागच्या अंगणातील स्नानाच्या खोलीत. तेथे मृतदेह धुऊन झाल्यावर तीन बादल्यांचे पाणी डोक्यापासून पायांपर्यंत एका अखंड धारेने ओतायचे असते. पहिली बादली संपण्याआधी दुसरीची धार सुरू झाली पाहिजे. म्हणजे माणसे निदान दोन हवीत. एकेकाळी आठ होती. अखेरीस रब्बी आणि घड्याळजी एवढेच उरले.

घड्याळजी जगाची घड्याळे दुरुस्त करी, पण स्वतः कुठेही वेळेवर पोचत नसे. काम आटोपून हात धुताना तो रब्बींना बजावीत असे, की माझ्या वेळी धार तुटली तर मी तिथेच उठून बसेन.

मंगळवारी सकाळी घड्याळजीच गेला.

रब्बींनी फोन लावले. एक जण मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळला होता, दुसरा लेकीकडे कायमचा राहायला गेला होता. स्त्रिया केवळ स्त्रियांनाच स्नान घालतात. राहिला परगावाहून आलेला घड्याळजीचा पन्नाशीचा मुलगा. पण मुलाने बापाचा उघडा देह पाहू नये ही रूढी, म्हणून तो बाहेर बाकावर बसला.

रब्बी एकटे आत गेले. सर्वांग धुऊन झाल्यावर त्यांनी दुसरी बादली स्टुलावर हाताशी ठेवली आणि पहिली ओतू लागले. ती संपत आली तसा त्यांनी डावा हात लांबवला. खांद्याने दगा दिला. क्षणभर पाणी थांबले, फरशीवर नुसते थेंब टपकत राहिले. उरलेल्या दोन्ही बादल्या त्यांनी ओतल्या खऱ्या, पण घडायचे ते घडून गेले होते. घड्याळजी उठून बसला नाही.

देहावर चादर ओढून ते बाहेर आले.

"सगळं नीट झालं ना, काका?" मुलाने विचारले.

या प्रश्नाला त्यांनी आजवर शेकडो घरांत होय म्हटले होते, आणि ते दर वेळी खरे होते.

"नाही. मध्येच धार तुटली."

मुलगा म्हणाला, मग पुन्हा करा. त्यासाठी आणखी दोन हात लागतात आणि ते या गावात नाहीत, असे रब्बींनी सांगितले. मुलगा बाकावरून उठला.

"मी आहे की. डोळे मिटून घेतो. तुम्ही फक्त 'आता' म्हणा."

रूढी मोडायची की धार तुटलेलीच ठेवायची, हे ठरवायला विचारावे असे कोणी उरले नव्हते. रब्बींनी तीन बादल्या भरल्या. पाणी तापवायला वेळ नव्हता. मुलाचा हात धरून त्यांनी त्याला देह ठेवलेल्या फळीपाशी उभे केले, चादर दूर केली आणि पहिली बादली दोन्ही हातांनी ओतली.

"आता."

मुलाने चाचपडत ओतले. ती धार चालू असतानाच रब्बींनी तिसरी उचलली. पाणी थांबले नाही.

"बाबा, पाणी गार आहे," मुलगा मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. "सांभाळून घ्या."

मग रब्बींनी रीतीप्रमाणे मृताच्या पायांशी उभे राहून, काही उणे झाले असल्यास क्षमा मागितली. या खेपेस ती दोनदा मागितली.

दफनानंतर शोकाचे सात दिवस घरात बसून मुलगा परत निघाला. निरोप घ्यायला आला तेव्हा रब्बी त्याच खोलीत होते. त्याने चाचरत विचारले, "काका, तुमच्या वेळी कोण?"

रब्बींनी तिन्ही बादल्या पुसून फळीवर पालथ्या घातल्या.

"बादल्या आहेत," ते म्हणाले. मुलगा दाराकडे वळला. गाडीची वेळ झाली होती.

ज्याला स्नान घडले त्याला विश्रांती लाभो. ज्याने डोळे मिटून पाणी घातले त्याच्या हातांना शांती लाभो. आणि ज्याच्या वाट्याला कोणाचेच हात येणार नाहीत, त्याच्यावर निदान पाऊस तरी न थांबता पडो.