फांदी वाळली, झाड नाही

शेजाऱ्यांनी सकाळीच निकाल दिला. "तुमची वाळकी फांदी माझ्या छपरावर झुकलीये. संध्याकाळपर्यंत उतरवा, नाहीतर उद्या झाडच आडवं करतो."

झाड दोन घरांच्या बरोबर हद्दीवर होतं. म्हणजे अर्धं त्यांचं. पण झाड काही अर्धंच मरत नाही.

"फांदी वाळलीये, झाड नाही," वहिनी म्हणाल्या. "ती मी उतरवते. झाडाला हात लावून दाखवा."

दुपारी वहिनी भाड्याची चेन सॉ घेऊन अंगणात उतरल्या. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, पायात जाड अस्तराची पँट. सासूबाईंनी खालपासून वरपर्यंत बघितलं. "सूनबाई, फांदी पाडायचीये की मध काढायचाय?"

वहिनींनी काम सुरू केलं. परांची बांधून घेतली, साखळीचा ताण बघितला, फांदी पडेल त्याच्या कितीतरी लांबून दोरीचं रिंगण घातलं.

धाकट्या दिरांना धीर निघेना. "वहिनी, एवढ्यात मी दोन झाडं पाडली असती!"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं नाही, भाऊजी."

वहिनी शेजाऱ्यांच्या ओसरीतल्या खुर्च्या हलवायला गेल्या आणि भाऊजींनी डाव साधला. चपला घालून शिडीवर चढले, करवत डोक्याच्या वर धरली आणि फांदीला खालून कापत सुटले. निम्म्यात फांदी खचली आणि करवतीचं पातं दातांत धरल्यासारखं आवळून बसली. मशीन बंद पडलं. भाऊजींनी दोन्ही हातांनी हिसका दिला. शिडी निसटली. आता करवत फांदीला लटकलेली आणि भाऊजी करवतीला.

"अरे, सोड हात!" सासूबाई ओरडल्या.

भाऊजींनी डोळे मिटून हात सोडले आणि बदकन वाफ्यात बसले. लागलं काही नाही, फक्त वाफा बसला.

शेजारी तर टाळ्या पिटायच्या बेतात. "बघितलंत? झाड धोकादायक आहे!"

"झाड जागचं हललं नाही. पडले ते आमचे भाऊजी. त्यांना मुळापासून काढायचंय का?" वहिनी लगबगीने परत येत म्हणाल्या.

वहिनी परांचीवर चढल्या. फांदी दोराने वर ओढून छपरापासून बाजूला बांधली, तेव्हा कुठे करवत सुटली. आता वरून एक काप, की काम झालं. तेवढ्यात शेजाऱ्यांनी खुर्ची आणली आणि बरोबर फांदीखाली मांडली. "माझं अंगण आहे. मी संध्याकाळपर्यंत इथे हवा खाणार."

वहिनींनी करवत बंद केली. "खाली माणूस असताना मी चालवणार नाही. आणि झाडही देणार नाही."

ऊन उतरायला लागलं. शेजारी गालात हसत होते.

मग सासूबाई उठल्या. दुसरी खुर्ची घेतली, शेजाऱ्यांना खेटून बसल्या. "बरे भेटलात. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन तुम्हाला सांगायचंच राहिलंय. आधी त्यांनी कातडी अशी सोलली..."

गोष्ट गुडघ्याच्या वाटीपर्यंत पोचायच्या आतच शेजारी पांढरेफटक होऊन घरात पळाले.

"आई, आता तुम्हीही दोरीबाहेर."

"अगं, टाके राहिलेत की!"

"टाके बाहेरून घाला."

सासूबाई कुरकुरत बाहेर गेल्या. करवत गुरगुरली. काप पुरा होताच वहिनींनी दोर सोडला, फांदी रिकाम्या अंगणात धाडकन पडली, छपराला ओरखडासुद्धा नाही. वहिनींनी उरलेला खुंट बुंध्यापाशी नीट छाटला.

शेजाऱ्यांची खिडकी किलकिली झाली. "पुढच्या वर्षी दुसरी वाळली तर?"

"तर हाक मारा," वहिनी वरूनच म्हणाल्या. "आम्ही दोघं इथेच आहोत. मी आणि झाड."