भिंतीवरची आत्या

जळगावात डाळीचा व्यापार करणाऱ्या माणसानं भिंतीला काय लावावं? लक्ष्मी लावावी, गेलेल्या आजोबांचा हार घातलेला फोटो लावावा, फार तर वास्तूवाल्यानं सांगितलेले सात पळते घोडे. पारसशेठनी लावली होती माणसं. परकी, शाईत उमटलेली, कुणाच्या नात्याची ना गोत्याची. तरुणपणी धंद्याच्या निमित्तानं बडोद्याला जाणं व्हायचं, तिथं एका प्रदर्शनात पहिलं छापचित्र घेतलं, आणि मग काय, नादच लागला. हॉलच्या तिन्ही भिंती भरल्या.

आणि येणारा-जाणारा एकच विचारणार, "ही कोण?" शेठ बिचारे समजावून सांगायचे. तांब्याचा पत्रा असतो, त्यावर मेण चढवून सुईनं रेघा ओढायच्या, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा, खोल गेलेल्या रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून दाबायचा. खाली पेन्सिलीनं चित्रकाराची सही. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ते झालं हो, पण बाई कोण?" सांगून सांगून माणसाच्या तोंडाला फेस आला. घरातल्या एकानं तरी चित्रासमोर घटकाभर उभं राहून नीट पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं. तेवढंही कुणाकडून झालं नाही. त्यांची बायको रूपल रोज फडकं मारायची, पण ते काचेवर. आतल्या माणसांकडे तिचं लक्ष नसायचं.

आता तर मुलाचं, रोनकचं लग्न जमत आलेलं. घराला रंग द्यायचा होता. "तुमची ही बठ्ठी, झाडून सगळी माणसं माळ्यावर जातील," रूपलनं सांगून टाकलं. "नवी सून कुणाकुणाच्या नजरेखाली चहा पिणार?" शेठ भांडले नाहीत. भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता उरला नव्हता.

रविवारी अमळनेरहून मुलीकडची मंडळी आली. मुलीचे वडील माणकचंदजी, आणि त्यांची आई तारादेवी. बाहेर ऊन असं की कुत्रंही रस्त्यावर दिसेना. तारादेवी नेमक्या त्या पहिल्या चित्रासमोर बसल्या. ओट्यावर बसलेली एक बाई, दोन्ही हात मांडीवर उघडे टाकलेले.

"या कोण?" तारादेवींनी विचारलं.

शेठनी तोंड उघडलं. तांबं, सुई, ॲसिड, सगळं जिभेवर आलं आणि तिथंच बसकण मारून बसलं. इतका वीट आला होता त्या उत्तराचा!

"माझी आत्या," ते म्हणाले.

"अगंबाई!" तारादेवी गुडघे सावरत उठल्या आणि चित्राच्या अगदी जवळ गेल्या. "हात बघ रे माणक. केवढं काम उपसलंय या बाईनं. पायात जोडवी नाहीत. एकट्या होत्या का हो?"

"हो. नशिराबादला राहायच्या. लवकर एकट्या पडल्या. दुपारची कामं उरकली की ओट्यावर यायच्या."

"कुणाची वाट बघत?"

"येणारं तसं कुणी नव्हतंच. पण बसायच्या."

हे कुठून आलं, शेठना कळेना. इतकी वर्षं त्या बाईकडे बघत होते, त्यातूनच आलं असणार. तारादेवींनी पदरानं डोळे टिपले, चित्रापुढं हात जोडले. "गेलेल्या माणसांना एवढं जपणारं घर आहे माणक," त्या म्हणाल्या. "आपली पोर सुखात राहील." झालं, सोयरीक पक्की!

रूपल सरबताचा ट्रे घेऊन दारातच थबकली होती. तिच्या सासऱ्यांना बहीण नव्हती, सख्खी नाही, चुलतही नाही. हे तिच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार?

पाहुणे गेले. रोनक त्यांना स्टेशनवर सोडायला गेला. शेठ बोलणी खायच्या तयारीनं बसून राहिले. पण रूपलचा आवाज चढलाच नाही.

"मी लग्न होऊन आले तेव्हा भिंतीवर ही एकटीच होती," ती म्हणाली. "मीही विचारलं होतं, ही कोण. आठवतं? तुम्ही मला ॲसिड सांगितलंत. पुन्हा विचारलं, पुन्हा ॲसिड. आज त्या परक्या म्हातारीला ओटा सांगितलात, दुपार सांगितलीत. माझ्या वाट्याला नुसता पत्रा."

"अगं, ते खोटं होतं."

"असू दे ना खोटं. मलाही सांगायचंत."

रूपल पुढच्या चित्रापाशी गेली. खुर्चीत बसलेला एक माणूस, तोंड खिडकीकडे, पाठ अर्धी आपल्याकडे.

"हा कोण?"

सवयीनं तांब्याचा पत्रा पुन्हा जिभेवर आला. शेठनी तो गिळला. "मला नाही माहीत," ते म्हणाले. "तूच सांग."

रूपल पाहत राहिली. हातात फडकं नव्हतं, कसली घाई नव्हती. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती.

"याच्या घरात माणसं आहेत," शेवटी ती म्हणाली. "मागच्या खोलीत. ती हाका मारून मारून थकलीत. आणि याला वाटतं, आपल्याशी कुणी बोलतच नाही."

कुणीतरी एकदा नीट पाहावं म्हणून शेठनी इतकी वर्षं जीव टाकला होता. आता पाहिलं, तर लाजेनं त्यांना मान वर करवेना. रूपल रिकामे ग्लास गोळा करून आत गेली.

"रूपल," त्यांनी हाक मारली. आत नळ चालू होता, तिला ऐकू गेलं नाही. पूर्वी त्यांनी तेवढ्यावरच सोडून दिलं असतं. आज खुर्चीच्या हातांना धरून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले.