माझ्या पोटातला स्पंज

मित्रांनो, मी एक जुने लाईफ जॅकेट आहे. नारिंगी, उन्हाने जरासे विटलेले, तीन पट्ट्यांचे आणि पुढे एका मोठ्या चेनचे. जुन्या वस्तू तुम्हाला आपली गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा गळा बहुधा दाटून आलेला असतो. माझे तसे नाही. मी चिडलेले आहे. येत्या रविवारी काय होणार आहे ते ऐकलेत, तर तुम्हीही चिडाल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे चाळीस शिलाई यंत्रे एका ओळीत घरघरत असत. माझ्या पोटात आणि पाठीत फोमचे जाड तुकडे भरले. हा फोम साधासुधा नसतो. त्याच्या आत हवेचे बारीक बारीक बंद बुडबुडे असतात, त्यांत पाणी शिरत नाही आणि म्हणून तो माणसाला वर धरून ठेवतो. मला शिवणाऱ्या बाईच्या करंगळीला चिकटपट्टी होती. पट्टा शिवून झाला की ती दोन्ही हातांनी त्याला जोरात हिसका द्यायची आणि शेजारणीला म्हणायची, "माझ्या पोराला घालीन असं वाटलं, तरच पुढं सरकवते मी." मग आम्हाला लोखंडी वजने बांधून पाण्याच्या हौदात सोडत. मी दिवसभर हौदात होते आणि बोटभरही खाली गेले नाही. माझ्या पाठीवर पास झाल्याचा शिक्का बसला तेव्हा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

मला विकत घेतले ते एका घड्याळजीने. त्याच्या दुकानात भिंतभर घड्याळे आणि प्रत्येकात वेगळी वेळ. माणूस मोठा हुशार, बोटांत कसब, पण हात म्हणून स्वस्थ बसायचे नाहीत. चालू पंखा उघडून बघायचा, बंद पडला की दुरुस्त करायचा आणि वर बायकोकडून शाबासकी मागायचा. सगळे त्याला खटपट्या म्हणत. गावाबाहेर डोंगरातून येणाऱ्या पाण्याचा एक मोठा तलाव होता आणि खटपट्याला तिथे कयाकमधून मासे पकडायचा नाद लागला होता. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, अरुंद होडी. वल्हे हातात, गळाची काठी बाजूला आणि बूड पाण्यापासून वीतभर वर.

पहिली दोन वर्षे त्याने मला डोक्यावर घेतले, असे म्हटले तरी चालेल. तलावाच्या धक्क्यावर एक म्हातारा नावाडी बसे. त्याने खटपट्याला पहिल्याच दिवशी दरडावले होते, "ऊन बघून कपडे घालायचे नाहीत. पाण्यात हात घालून बघायचा आणि मग घालायचे. हवा फसवते, पाणी फसवत नाही." खटपट्याने ते ऐकले. अंगाला चिकटून बसणारा लोकरीचा पातळ सदरा, त्यावर पाणी आत न येऊ देणारा सूट, त्यावर मी. सुती काही नाही, कारण सुती कापड भिजले की अंगातली ऊब ओढून घेते. दर मोसमाच्या सुरुवातीला तो मला घालून गुडघाभर पाण्यात जायचा, पाय उचलायचा आणि मी त्याला तोलते का ते बघायचा. एकदा वाऱ्याने त्याची कयाक उलटली. मी त्याला हनुवटीपर्यंत वर उचलून धरले. काठावर आल्यावर त्याने माझ्या छातीवर थाप मारली आणि म्हणाला, "लेका, वाचवलंस!" ती थाप मला अजून आठवते.

मग त्याला कयाक सजवायचे वेड लागले. आधी पाइप कापून काठ्या उभ्या करायला चार नळकांड्या बसवल्या. मग पाठीमागे एक क्रेट, क्रेटला झेंडा, झेंड्याला दिवा. मग मासा कुठे आहे ते दाखवणारा पडदा, त्याची बॅटरी, बॅटरीची डबी. नांगराला कप्पी, बाटलीला कडी, पक्कडीला दोरी, दोरीला दुसरी दोरी. बायको एकदा धक्क्यावर आली आणि बघून म्हणाली, "अहो, ह्यात तुम्ही कुठं बसता?" नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण खटपट्याला ते दिसेना. या सगळ्या पसाऱ्यात मला जागा राहिली ती त्याच्या बुडाखाली. बाकडे टोचते म्हणून तो माझ्यावर बसू लागला. जीव वाचवणाऱ्याला बसकर केले! मी तेही गिळले.

पुढच्या वर्षी त्याने नवे जॅकेट आणले. सडपातळ, राखाडी, अकरा खिशांचे. नव्याबद्दल माझी तक्रार नाही. ते इमानदार जॅकेट होते आणि तो ते नीट घालत असे. पण त्याच आठवड्यात त्याची एक महागडी गळाची काठी हातातून निसटली आणि सरळ तळाशी गेली. खटपट्या दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला दुकानात नेले, घड्याळांच्या टेबलावर उताणे पाडले, डोळ्याला भिंग लावले आणि पात्याने माझ्या डाव्या बाजूची शिवण उसवली.

त्याने माझा फोम काढला. डाव्या पोटातला सगळा आणि पाठीतला अर्धा. त्याचे गोल गोल तुकडे कापले, मधे भोके पाडली आणि काठ्यांच्या मुठींवर चढवले. आता काठी पाण्यात पडली तरी तरंगणार! राहिलेल्या तुकड्यांत त्याने आमिषांचे आकडे खोचून ठेवले. तेवढ्यावर भागले नाही. माझ्या रिकाम्या पोटात त्याने गळाची शिशाची वजने ठेवायला प्लॅस्टिकची एक चपटी डबी सरकवली आणि उसवलेल्या जागी खिशासारखी चेन बसवली. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश होता की शेजारच्या चष्मेवाल्याला बोलावून मला दाखवले. चष्मेवाला म्हणाला, "पण आता हे कोण घालणार?"

"पाहुण्यांसाठी असू दे," खटपट्या म्हणाला.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मला फेकून दिले असते, कापून पायपुसणे केले असते, तर मी एक शब्द बोलले नसते. पण त्याने मला पुन्हा खुंटीवर टांगले. वरून मी जॅकेट दिसत होते. आतून मी जॅकेट राहिले नव्हते.

पाहुणा आला वसंतात. तो खटपट्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शाळेची बस चालवणारा, धिप्पाड, हसरा, मोठ्या आवाजाचा आणि पोहता न येणारा. खटपट्याकडे आता दुसरी कयाक होती, म्हणून ती सजवलेली जुनी त्याने मेहुण्याला दिली आणि तिच्याबरोबर मला दिले. मेहुण्याच्या अंगात सुती सदरा, त्यावर जाड विणलेला स्वेटर आणि जीनची पँट. नावाडी त्या दिवशी धक्क्यावर नव्हता. मेहुण्याने विचारले, "भावजी, तुम्ही एवढं काय काय घातलंय. मला पण लागेल का?"

"छे रे! ऊन बघ किती छान पडलंय. काठाकाठानं तर जायचंय."

स्वतः मात्र लोकर, सूट, नवे जॅकेट, सगळे जिथल्या तिथे. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिले.

तासाभराने मेहुण्याच्या गळाला मासा लागला. आनंदाने ओरडत तो एका बाजूला वाकला. जाळी होती पाठीमागच्या क्रेटमध्ये, दोन दोऱ्यांनी बांधलेली. ती ओढायला तो आणखी वळला आणि कयाक उलटली.

पाणी बर्फासारखे गार होते. त्याचा श्वासच अडकला. मी उजव्या बाजूने वर आले, डावीकडून खाली गेले. जो फोम त्याची मान वर धरणार होता, तो नव्हताच! त्यामुळे मी त्याला वर उचलण्याऐवजी कुशीवर पाडले, आणि त्याचे तोंड पाण्यात गेले. तो वर यायचा, घोटभर हवा घ्यायचा आणि पुन्हा कलंडायचा. स्वेटर भिजून जड झाला होता. मी जे उरले होते त्याने त्याला धरायचा प्रयत्न केला. मला ते जमले नाही. आणि आमच्या भोवती कयाकमधून पडलेल्या दोन काठ्या मजेत तरंगत होत्या, माझे तुकडे गळ्यात घालून. बुडत्याला काडीचा आधार, अशी म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. इथे काठीला आधार होता, बुडता तसाच होता.

खटपट्या वल्हे मारत आला, हे मी मान्य करते. मेहुण्याने त्याच्या कयाकच्या मागच्या कडीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि खटपट्याने त्याला ओढत काठावर नेले. ओठ निळे, दात वाजताहेत, बोटांची मूठ सुटेना. खटपट्याने त्याला गाडीत बसवले, घोंगडे दिले, हीटर लावला. आणि मग तो परत तलावात गेला. कशाला, सांगू? काठ्या आणायला. दोन्ही काठ्या घेऊन आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते. माझ्या रागाला त्या क्षणी जी धग आली, ती अजून विझलेली नाही.

घरी बायकोने मला दोरीवर वाळत घालताना दाबून पाहिले. "अहो, हे एका बाजूनं पोकळ लागतंय."

"जुनं झालं की फोम बसतो," खटपट्या म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. ती बाजारात गेल्यावर त्याने माझ्यातली डबी आणि वरची चेन काढली आणि गाडी धुवायचे दोन स्पंज माझ्या पोटात कोंबले. मग घड्याळजीच्या त्या सुरेख हाताने शिवण अशी घातली की मला शिवणाऱ्या बाईलाही ओळखता आली नसती. आता मी दोन्हीकडून सारखे फुगलेले दिसते. स्पंज म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. तो पाणी पितो. चूक झाली होती, ती मी पोटात घातली असती, पण या माणसाने पोट तरी शिल्लक ठेवायला हवे होते ना!

आठ दिवसांनी मेहुणा बरा होऊन जेवायला आला. सगळ्यांसमोर त्याने खटपट्याचे हात हातात घेतले. "भावजी, तुमच्यामुळं आणि तुमच्या ह्या जॅकेटमुळं आज मी इथं बसलोय." बायकोने डोळे पुसले. मला वाटले, आता तरी हा बोलेल. याहून सोपी वेळ त्याला मिळणार नव्हती. खटपट्या म्हणाला, "अरे, त्यात काय," आणि त्याला आणखी एक पोळी वाढली.

मग मेहुणा म्हणाला, "एक मागू? हे जॅकेट मला द्या. मला लाभलंय ते. मी पण एक जुनी कयाक बघून ठेवलीय, दोघं बसतील अशी. पोरीला घेऊन जाईन म्हणतो."

"अरे, जुनं झालंय ते. मी नवीन घेऊन देतो तुला."

"नवं कशाला? ह्यानं तर वाचवलं मला! पट्टे आवळले की पोरीला बरोब्बर बसेल."

खटपट्याच्या कपाळावर घाम आला होता. बायको म्हणाली, "द्या हो. एवढं मनापासून मागतोय तर." आणि त्याने मला दिले. घडी घालून, पिशवीत घालून दिले.

आता मी मेहुण्याच्या घरी, दाराशेजारच्या खुंटीवर आहे. त्याची मुलगी अकरा वर्षांची आहे आणि उंचीने वडिलांवर गेली आहे. वर्गात सगळे तिला शिडी म्हणतात. तिने मला घालून आरशासमोर तीन गिरक्या घेतल्या. बापाने गुडघ्यांवर बसून तिचे पट्टे आवळले आणि म्हणाला, "हे अंगात असलं ना, की काळजी नाही." तिचे हृदय माझ्या डाव्या बाजूला धडधडत होते. मधे फक्त स्पंज होता.

खटपट्याचा दोनदा फोन आला. मी खुंटीवरून ऐकते. परवा मेहुणा म्हणाला, "नाही भावजी, अजून पाण्यात नेलं नाही. रविवारी नेणार." मी कान टवकारून ऐकत होते. मग मेहुणा हसून म्हणाला, "बरं, बरं, बारीक गळ लावतो." एवढेच! सांगायचे होते एक, सांगितले भलतेच. लाज राखण्यासाठी हा माणूस एका पोरीचा जीव पणाला लावतो आहे, आणि त्याला वाटते की अजून वेळ आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात खुंटीवर काहीतरी टांगलेले असेल. जॅकेट असेल, हेल्मेट असेल, गाडीत पट्टा असेल. रंगावर जाऊ नका आणि कुणी दिले त्यावर तर मुळीच जाऊ नका. दाबून बघा, हिसका देऊन बघा, मोठ्यांना शेजारी उभे करून उथळ पाण्यात घालून बघा. मोठी माणसे चिडली तर चिडू द्या. माझ्याइतकी ती चिडणार नाहीत.

आणि तुमच्या वर्गात एखादी शिडी असेल, जी सगळ्यांना सांगत असेल की रविवारी मी बाबांबरोबर तलावावर जाणार आहे, तर मधल्या सुट्टीची वाट बघू नका. तिला सांगा, घरी जाऊन ते नारिंगी जॅकेट बादलीत बुडव, बाहेर काढ आणि त्याची डावी बाजू बाबांच्या हातावर पिळून दाखव. मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. आज शुक्रवार आहे.