नाव घ्यायचं न्हाय

शिवानंदच्या मणक्यातून काढलेलं पाणी स्वच्छ निघालं. तरी मोठ्या डॉक्टरांनी केसपेपरवर ‘मेंदूज्वर’ लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. सलाईन चालू होतं, त्यामुळं पोराला पाणी पाजून कुणी बघितलंच नव्हतं. ते बघितलं पद्मजानं, वॉर्डात नव्यानंच लागलेल्या डॉक्टरणीनं. पेला ओठांशी नेताच त्याचा गळा आखडला. पंखा लावला, तरी तेच.

‘‘कुत्रं चावलं होतं का?’’

आई दानम्मानं पदर तोंडावर धरला. बाप शंकरप्पा म्हणाला, ‘‘तसलं काय न्हाय. मोठ्या डाक्टरास्नी सांगितलंय की.’’

‘‘मग पोटरीवर वण कसला?’’

‘‘लागलं असंल कायतरी. पोरगं हाय, हुंदडतंय.’’

‘‘दातांच्या खुणा उमटतात होय हुंदडून? तोंड शिवलंय का तुमचं?’’

‘‘शिवलंयच समजा, बाई,’’ दानम्मा पुटपुटली. ‘‘वैदूनं पाला पाजलाय. अमावस्येपतोर त्या जनावराचं नाव घ्यायचं न्हाय. घेतलं की औषधाचा गुण उतरतोय.’’

पद्मजाच्या अंगाची लाही लाही झाली. पोर जगलं तर वैदूचा पाला, मेलं तर आईची जीभ. काहीही झालं तरी वैदू सुटलेला. आणि दवाखाना तरी काय वेगळा? एकदा विचारलं, ‘न्हाय’ ऐकलं, मोकळे झाले.

‘‘नाव घेऊ नका, नुसती मान हलवा,’’ ती म्हणाली. ‘‘चावलं?’’

दोघांनी मान डोलावली.

‘‘आणखी कुणाला?’’

शंकरप्पा खिडकीबाहेर बघू लागला. दानम्मानं स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. ‘‘हितं. धाकटीला, मल्लव्वाला. तिलाबी पाजलाय पाला.’’

पद्मजा तिच्याशेजारी खाली बसली. ‘‘शिवानंदला आता कुठलंच औषध नाही. खोटं सांगून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. मल्लव्वाला मात्र आहे. सुया घ्याव्या लागतील, आजपासूनच.’’

‘‘अमावस्या परवा तर हाय,’’ शंकरप्पा म्हणाला. ‘‘तेवढी होऊ द्या. मग आणतो.’’

दानम्मानं पोराच्या अंगावरची चादर सारखी केली. मग उठली.

‘‘सायकल काढा.’’

‘‘आगं, पर वैदू...’’

‘‘कुत्रं चावलंय माझ्या पोरीला,’’ ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलली. ‘‘कुत्रं. जावा, घेऊन या तिला.’’